धावत आलेला सांगावा

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा प्रगतीला त्याचा रागच आला. पुढे ज्याच्यावर जीव जडायचा असतो त्याचा आधी राग यावा, हे तसं जुनंच आहे. पण प्रगतीच्या रागाला कारण होतं, आणि ते काही साधंसुधं नव्हतं.

दोन हजार अठरा सालचा जानेवारी. डहाणूहून कासाकडे निघालं आणि गंजाड मागे पडलं की जरा वेळानं मोहपाडा लागतो. लागतो म्हणजे, जीपवाल्याला आधी सांगून ठेवलं नाही तर मागेही पडतो. रस्त्यावर ओहोळावरची एक मोरी, मोरीपासून पाड्याची हद्द सुरू, मग ताडाची झाडं आणि कुडाच्या भिंतींची घरं. त्या रविवारी कुण्या मंडळानं डहाणूच्या किनाऱ्यापासून कासापर्यंत धावायची मोठी शर्यत ठेवली होती. सकाळपासून गाड्या बंद होत्या. सगळा पाडा मोरीवर जमला होता. एवढ्या लांब कुणी उगीचच धावत जाणार, मागे काही लागलेलं नसताना आणि पुढे काही मिळायची खात्री नसताना, हे बघण्यासारखंच होतं.

गेली नव्हती ती एक बायजी, प्रगतीची आई. आणि आईला एकटं सोडायचं नाही म्हणून प्रगती.

बायजी दिवाळीनंतर रस्त्यालगतच्या आपल्या घराचा उंबरठा सोडून कुठे गेलीच नव्हती. तिचा मुलगा सुरज नारळी पौर्णिमा झाल्यावर ओख्याला गेला होता, बोटीवर खलाशी म्हणून. इकडची बरीच पोरं जातात. दिवाळीनंतर बातमी आली की बोट समुद्रातली देशाची हद्द चुकली आणि पलीकडच्यांनी ती धरून नेली. बोटीवरच्या बाकीच्या खलाशांचा काही ना काही ठावठिकाणा लागला. सुरजचा लागला नाही. तो जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा कुणी छातीठोक सांगेना. तेव्हापासून बायजी दोन घास खायची आणि ताट सरकवायची. दिवसभर डहाणूच्या बाजूला बघत बसायची.

आता मोहपाड्याचा एक रिवाज सांगायला हवा. पाड्यात फोनला रेंज नाही. पण असती तरी मरणाची बातमी इथे फोनवर देत नाहीत, गाडीवरूनही आणत नाहीत. ती माणसानं पळत येऊन सांगायची. चांगलं वर्तमान कसंही आलं तरी चालतं, मरणाचा सांगावा पायीच आला पाहिजे. आणि सांगावा आणणाऱ्याला आधी पाणी द्यायचं. तो पाणी पिऊन होईपर्यंत त्याला एक शब्द विचारायचा नाही.

म्हणून डहाणूच्या बाजूनं एक सडपातळ पोरगा एकटाच पळत येताना दिसला, तेव्हा बायजीला शर्यत आठवली नाही. तो सगळ्यांच्या पुढे होता, मागे वळणापर्यंत दुसरं कुणी नव्हतं. मोरीवरच्या टाळ्या तिच्या कानात शिरल्या नाहीत. तिनं तांब्या भरला आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

पोरगा थांबला. त्याला वाटलं, म्हातारी कौतुकानं पाणी देते आहे.

"पी आधी," बायजी म्हणाली.

तो घटाघटा प्यायला. तांब्या परत देताना हसला. बायजी हसली नाही.

"आता सांग. माझ्या सुरजचं काय आणलंस?"

प्रगती पिठाचे हात तसेच घेऊन दारातून धावली. पण उशीर झाला होता. पोरग्यानं एकदा म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं, एकदा तिच्यामागे येऊन थबकलेल्या मुलीकडे. प्रगतीनं जोरजोरात मान हलवली. काही बोलू नका, जा, असं तिला म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याला दिसलं ते तेवढंच.

"बरा हाय तो, आई," तो म्हणाला. "सुरज बरा हाय. येईल."

मागून दुसरा धावणारा आला आणि पुढे निघून गेला. मग हाही निघाला. बायजी तांब्या छातीशी धरून घरात आली, चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "भाकर दे गो. भूक लागली."

प्रगतीनं भाकरी दिली. आई जेवत होती आणि ती मनातल्या मनात त्या पोरग्याला शिव्या घालत होती. खोटं बोलून पळाला. अक्षरशः पळाला.

पुढच्या रविवारी तो परत आला, मोटरसायकलवर. मोरीपाशी गाडी लावून घुटमळत होता. कासाच्या मेडिकल दुकानात प्रगती कामाला होती, पण रविवारी घरी असायची. तिनं त्याला लांबूनच ओळखलं आणि तरातरा मोरीवर गेली.

"तुम्ही इथे कशाला आलात?"

"माफी मागायला."

"कुणाची?"

"आईंची." तो जरा थांबला. "जमलं तर… तुमची पण."

"मग आल्या वाटेनं जा. तुम्ही माफी मागितलीत तर आई परत जेवायची बंद होईल. आठवडाभर जेवतेय ती. तुमच्या त्या एका शब्दावर."

त्यानं मान खाली घातली. त्याचं नाव उमेश. तलासरीकडचा, वेवजीचा. राज्याच्या हद्दीपलीकडे उंबरगावच्या कारखान्यात कामाला. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं, पोलिसांपुढे उभं केल्यासारखं.

"त्या दिवशी पहिला होतो मी," तो म्हणाला. "पाचवा आलो."

"आमच्या पाण्यामुळे?"

"नाय. पुढं पायच उचलेनात. आईंचं तोंड डोळ्यांपुढून जाईना."

प्रगतीला त्याला अजून चार शब्द सुनावायचे होते. पण तो माणूस खरोखरच चार रात्री झोपला नसावा असा दिसत होता. तिचा आवाज खाली आला.

"माफीबिफी काही नको. जे बोललात ते खरं करा. आणि नाही झालं खरं, तर पुढचं जे असेल ते, चांगलं-वाईट जे असेल ते, खरं आणा. स्वतः आणा."

"आणतो," तो म्हणाला. "शब्द दिला."

शब्द देणारे पुष्कळ असतात. प्रगतीनं तो फारसा मनावर घेतला नाही. पण उमेशनं घेतला. कारखान्यातल्या एकाचा भाऊ ओख्याच्या बोटींवर होता. त्याच्या ओळखीनं उमेश रजा टाकून ओख्याला गेला, बोटीच्या शेठला भेटला, आपला नंबर देऊन आला. आणि होळीच्या आधी एका संध्याकाळी मोरीच्या पार पलीकडून हॉर्न वाजवत मोहपाड्यात शिरला. हॉर्न ऐकताच बायजी उठून उभी राहिली. वाईट बातमी हॉर्न वाजवत येत नाही.

झाई गावचा नविन म्हणून एक खलाशी पलीकडच्या तुरुंगातून सुटून आला होता. उमेश त्याच्याकडून येत होता. सुरज जिवंत आहे, नविन त्याच्या शेजारीच झोपायचा. सुरज तिथे स्वयंपाकाला मदत करतो आणि भिंतीवर कोळशानं खजुरीची झाडं काढत बसतो.

बायजीनं हे ऐकलं आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"खजूर नाय रे ती. ताड हाय. शाळंत होता तवापासून त्याचा ताड असाच येतो."

ही खूण दुसऱ्या कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. प्रगती दाराला टेकून उभी होती. तिनं उमेशकडे बघितलं, तर तो तिच्याकडेच बघत होता, आणि या वेळी तिनं मान हलवली नाही.

त्या दिवसापासून बायजीनं ठरवून टाकलं. "दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाय," ती सगळ्यांना सांगायची. "उमेशनं सांगितलं तर खरं."

मग तो येतच राहिला. कारखान्यात दुपारची पाळी असली की भल्या पहाटे चारोटीला गाडी लावायचा आणि तिथून मोरीपर्यंत धावत यायचा, सराव म्हणून. मोहपाड्यानं सराव म्हणून मानलंही. पाड्यातल्या माणसांना कळत सगळं असतं; पण बायजी हसायला लागली होती, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. प्रगती कासाला जायला जीपची वाट बघत मोरीवर उभी असायची. थंडी संपून मोहाचा वास सुटायचे दिवस होते. तो घामानं निथळत यायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि दम खात खात बोलायचा.

"अजून इथंच?"

"जीप नाही आली."

"मघाशी एक गेली की."

"भरलेली होती."

"तिच्यामागची रिकामी होती."

"धावताना तुम्हाला मागचं दिसतं?"

"नाय. पण तू कुठं उभी हायस ते दिसतं."

त्यानं पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. प्रगतीनं ओढणी उगीचच नीट केली. पुढची जीप आली ती खरोखरच भरलेली होती, आणि तिला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

"एकदा धाव ना माझ्याबरोबर," तो म्हणायचा. "आश्रमशाळेत पहिली यायचीस म्हणे. आई सांगत होत्या."

"तेव्हा परकर खोचून धावायचे. आता मी बघणारी. शर्यतीला बघणारं पण कुणीतरी लागतं."

"बघून कंटाळा येत नाय?"

"कुणाला बघायचं त्यावर आहे ना ते."

एवढं बोलून ती जीप येते का ते बघायला लागायची. तिनं धावणं का सोडलं ते त्याला सांगायला तिला बरेच दिवस लागले. मोहपाड्यात मोठी मुलगी रस्त्यानं धावताना दिसली की घराघरातून माणसं बाहेर येतात आणि विचारतात, कोण गेलं?

उन्हाळा लागला. चिमणमामाच्या ताडांना ताडी धरायची मडकी लागली. चिमण पाड्यातला सगळ्यांत जुना ताडी काढणारा. एकटा राहायचा, लग्न केलेलं नव्हतं. प्रगती त्याला मामा म्हणायची, आई भाऊ म्हणायची. उमेशला वाटायचं, असेल लांबचा. एका दुपारी प्रगती मामाला भाकरी घेऊन गेली, उमेश बरोबर होता. चिमणनं ताडाखाली बसवून त्याला ताडी दिली आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"पोरीवर जीव हाय ना तुझा?"

उमेशनं प्रगतीकडे बघितलं. ती भाकरीचं फडकं सोडण्यात फार गुंतली होती.

"हाय," तो म्हणाला.

"मग ऐक. मी काय बायजीच्या रक्ताचा भाऊ नाय. बायजीला धाकटी बहीण होती, सोमी. माझा न् तिचा जीव होता एकमेकांवर. बोलणी पण व्हायची होती. त्यात त्यांचा बाप कासाच्या दवाखान्यात वारला. सांगावा कोण नेणार? माझे पाय चांगले होते. मी पळत आलो, पाणी प्यालो, सांगितलं." त्यानं ताडीची पेली जमिनीवर ठेवली. "मरणाचा सांगावा जो आणतो तो त्या घरचा होतो. घरचा लेक. पोरी त्याला भाऊ म्हणतात. खांदा देताना मना आठवलं ते. तोवर आठवलं नव्हतं."

"मग?" उमेशनं विचारलं.

"मग काय. सोमी वेवजीला दिली. तुमच्याच गावात. नातवंडं हायेत तिला. भाऊबीजेला येते ओवाळायला."

प्रगतीनं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. पण तेव्हा ती मामाची आणि मावशीची गोष्ट होती. आज पहिल्यांदाच तिला त्यात आपली आणि उमेशची गोष्ट दिसली.

"म्हणून सांगतो," चिमण म्हणाला. "चांगलं आलं तर आण वाजवत-गाजवत. वाईट आलं तर तू येऊ नको. दुसऱ्याला धाड."

मोरीपर्यंत दोघं चालत आली. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. उमेशनं गाडीला किल्ली लावली, पण चालू केली नाही.

"मी शब्द दिलाय तुला. चांगलं-वाईट, मीच आणीन म्हणून."

"हो."

"आई दुसऱ्या कुणाचं ऐकणार नायत."

"माहीत आहे मला."

"प्रगती… तू सोडवतेस का मला? त्या शब्दातून?"

ती हो म्हणाली असती तर गोष्ट तिथेच सोपी झाली असती. पण मग तिच्या आईला कधी काळी ते ऐकायची वेळ आली, तर ते कुण्या परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला नसता. उंबरठ्यावर बसून ती मरेपर्यंत वाट बघत राहिली असती. प्रगतीला हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना.

"वाईट नाही यायचं," ती शेवटी म्हणाली. "सुरज येईल."

"तो आला की," उमेश म्हणाला, "दुसऱ्या दिवशी मी माझ्या माणसांना घेऊन तुमच्या दारात येतो. चालेल?"

ती लाजली नाही. तिनं त्याच्या गाडीच्या आरशात बघून कपाळावरची बट मागे सारली आणि म्हणाली, "दुसऱ्या दिवशी कशाला? त्याच दिवशी या."

त्यानंतर प्रगतीचं सगळं आयुष्यच सुरजच्या वाटेवर येऊन बसलं. भाऊ परत आला तर तिला दोघंही मिळणार होते. नाही आला तर दोघंही जाणार होते. पावसाळा गेला, भात कापून झालं, दिवाळी झाली. खलाशांना सोडणार, सोडणार, अशी बोलणी मधूनमधून यायची आणि विरून जायची. प्रत्येक वेळी उमेशची गाडी मोरीवर दिसली की ती आधी कान देऊन ऐकायची. हॉर्न वाजला की तिचा श्वास सुटायचा.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत पुन्हा शर्यत आली.

या खेपेला मोहपाडा तयारीत होता. पोरांनी ताडाच्या झावळ्यांची कमान उभारली होती. बायकांनी मोरीवर पाण्याच्या हंड्या मांडल्या होत्या. बायजीसुद्धा उंबरठ्यावर हंडी घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझा उमेश पहिला येईल बघा. प्रगती मोरीवर तांब्या घेऊन उभी होती. धुकं अजून पुरतं वर गेलं नव्हतं. आदल्या रविवारी तो तिला म्हणाला होता, तुझ्या हातचं पाणी पिऊन जरी पाचवा आलो तरी चालेल. ती म्हणाली होती, मला नाही चालणार.

पहिला धावणारा आला. तो उमेश नव्हता.

दुसरा आला, मग तिघं एकदम आले, मग एक घोळका. टाळ्या वाजत होत्या. प्रगती टाचा उंचावून वळणाकडे बघत होती. पाय मुरगळला असेल. बूट फाटला असेल. ती स्वतःला एकेक कारण देत होती आणि एकेक नाकारत होती.

मग तो आला. घोळक्याच्या मागे, एकटा. छातीवरचा नंबर काढून टाकलेला. पोरांनी त्याला ओळखलं आणि एकच गलका केला, उमेशदादा, उमेशदादा. त्यानं वर बघितलं नाही. वर्षभर तिनं त्याला धावताना बघितलं होतं. त्याचे पाय कसे पडतात, हात कसे हलतात, सगळं तिला पाठ होतं. आज तो शर्यतीतल्या माणसासारखा धावत नव्हता. डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखा, सांभाळून, रस्त्याकडे बघत धावत होता.

प्रगतीला कळलं.

बाजूच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. ती त्यांच्यातून बाहेर पडली आणि मोरी ओलांडून पलीकडे गेली, गंजाडच्या बाजूला, पाड्याच्या हद्दीबाहेर. त्याच्या समोर जाऊन रस्त्यात उभी राहिली, वर्षापूर्वी आई उभी राहिली होती तशी.

तो थांबला. ओठ हलले.

"बोलू नको," ती म्हणाली. "पी आधी."

तो प्यायला. दात तांब्यावर वाजत होते. तिनं तांब्या परत घेतला तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांवर राहिली.

"मोरी ओलांडलीस तर काय होईल माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय."

"तरी आलास?"

"शब्द दिलेला," तो म्हणाला. "वाटभर विचार केला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आईंनी हे ऐकावं… नाय जमलं मला, प्रगती. तू गेलीस तरी चालेल असं नाय. पण नाय जमलं."

दुसरा कुणी असता तर त्यानं वाट बदलली असती, फोन लावला असता, ताप आला म्हणून डहाणूलाच थांबला असता. हा आला होता. तिला गमावायला तो एवढं अंतर धावत आला होता, आणि म्हणूनच त्या क्षणी तिला पक्कं कळलं की याला आपण गमावायचं नाही.

"मला एक सांग. तुला माझा भाऊ व्हायचंय?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं मान हलवली.

"तोंडानं सांग."

"नाय. तुझा भाऊ नाय व्हायचं मला."

"मग ते मला दे," प्रगती म्हणाली. "इथंच. मोरीच्या ह्या बाजूला. पुढं मी नेते."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. सुरज गेला होता. मागच्या आठवड्यात, तापानं. शर्यत सुटायच्या आधी नविनचा फोन आला. उमेशनं ओख्याच्या शेठला फोन लावून विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. मयत यायला बरेच दिवस लागतील. भिंतीवरची झाडं शेवटपर्यंत काढत होता म्हणे.

प्रगतीनं ते ऐकून घेतलं. रडायचं अजून बाकी होतं. सांगावा आणणाऱ्याला वाटेत रडता येत नाही. तिनं चपला काढून मोरीच्या कडेला ठेवल्या. ओढणी कमरेला घट्ट खोचली. आणि ती धावली.

आश्रमशाळा सुटल्यापासून ती धावली नव्हती. पाय विसरले असतील असं तिला वाटलं होतं. ते विसरले नव्हते. मोरीवरून, झावळ्यांच्या कमानीखालून, धावणाऱ्या परक्या माणसांच्या बरोबरीनं ती अनवाणी धावत गेली. पोरांना गंमत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चिमणमामा पुढे झाला. त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग मोरीपलीकडे उभ्या असलेल्या उमेशकडे, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं हात वर केला. टाळ्या थांबल्या. मोहपाड्यात एकदम शांतता पसरली, नुसते धावणाऱ्यांचे पाय वाजत राहिले.

बायजीनं उंबरठ्यावरून लेकीला येताना बघितलं. ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं हंडीत तांब्या बुडवला, भरला आणि उभी राहिली.

"पी आधी," ती म्हणाली.

प्रगती घोट घोट पाणी प्यायला लागली. आई थांबली. लेक सगळं पाणी पिऊन होईपर्यंत ती तिच्या तोंडाकडे बघत थांबली. मग तिनं तांब्या परत घेतला.

"आता सांग."

त्यानंतरचं काय सांगायचं. ज्या घरांनी ते बघितलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळत नाही. बाया आल्या, बायजीला धरून बसल्या. शर्यत कधी संपली, कोण पहिलं आलं, मोहपाड्यात कुणी विचारलं नाही. प्रगती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडली, सुरजसाठी.

दुपार कलली. बायजीचा आवाज बसला होता. बाया जरा बाजूला झाल्या, चिमण दाराशी गुडघे धरून बसला होता. बायजीनं दारातून बाहेर बघितलं. मोरीच्या पलीकडे, उन्हात, उमेश अजून तसाच उभा होता. प्रगतीच्या चपलांजवळ. एक पाऊल अलीकडे आला नव्हता.

"सांगावा कोणी आणला?" तिनं विचारलं.

"मी आणला, आये."

"मग तो कशाला उभा हाय तिथं?"

प्रगतीनं डोळे पुसले. मामाकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होता.

"तो काही घेऊन नाय आला, आये," ती म्हणाली. "तो नुसता आलाय. माझ्यासाठी."

बायजी चिमणकडे बघत राहिली, बराच वेळ, जसं काही त्याला आज पहिल्यांदा बघते आहे. चिमणनं तोंड फिरवलं आणि डोक्याच्या फडक्यानं डोळे पुसले. मग बायजीनं हंडी लेकीकडे सरकवली.

"मग त्याला उन्हात कशाला उभा केलास? पाव्हण्याला पाणी ने. आत बोलव."

प्रगतीनं तांब्या भरला आणि ती मोरीकडे निघाली. या खेपेला चालत.